बिनहरकतीचा रस्ता

नगररचना कार्यालयात रुजू झाली तेव्हा पट्टीची समजूत होती की आपण आता शहर घडवणार. प्रत्यक्षात पहिले काही महिने तिने शहर नुसतं रंगवलं. राहण्याची जागा पिवळी, दुकानं निळी, मोकळी जागा हिरवी, रस्ते तांबडे. रंग संगणकावरच भरायचे, पण थोरल्या साहेबांचा पडद्यावर विश्वास नव्हता. त्यांना प्रत्येक गोष्ट टेबलभर कागदावर छापून हवी असे. मग चष्मा कपाळावर चढवून ते कागदावर इतके वाकत की एखाद्या मैदानाला नाक लागायचं, आणि म्हणत, "हिरवं जरा जास्त झालंय. लोकांना हिरवं बघायला आवडतं, पण स्वतःच्या जमिनीवर नाही."

पट्टी हे तिचं घरचं नाव. लहानपणापासून उंच, सरळ, आणि वाकवायला गेलं की फटकन लागणारी, म्हणून बाबांनीच ठेवलेलं. कार्यालयात ते कळायचं काही कारण नव्हतं. पण पहिल्याच दिवशी बाबांनी तिथे फोन करून "आमची पट्टी नीट पोहोचली का?" असं विचारलं, आणि फोन नेमका थोरल्या साहेबांनी उचलला. त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं.

साहेब माणूस वाईट नव्हते. जन्मभर आराखडे करून करून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता, एवढंच. शिकवायची मात्र त्यांना भारी हौस. पट्टीने कॉलेजात लोकसंख्येचे अंदाज, रहदारीची गणितं, उताराचे नकाशे असं सगळं घोकून पहिला नंबर काढला होता. साहेबांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वर कौतुकही केलं, आणि मग म्हणाले, "छान. आता आराखडा कसा करतात ते शिक."

त्यांचं म्हणणं असं की आराखडा काढता कोणालाही येतो. खरी कला तो जिवंत ठेवण्याची. कारण आराखडा तयार झाला की तो लोकांसमोर मांडावा लागतो, लोकांना हरकती घ्यायला मुदत द्यावी लागते, प्रत्येक हरकतीवर सुनावणी होते, आणि सुनावणीतून बाहेर पडेपर्यंत मूळ आराखड्याचं हाडसुद्धा ओळखू येत नाही. "मी एकदा इस्पितळ आत पाठवलं होतं," साहेब सांगत. "बाहेर आलं ते मंगल कार्यालय होऊन."

शहराचा आराखडा बऱ्याच कागदांत विभागलेला होता आणि एकेक कागद एकेकाच्या अंगावर टाकलेला. पट्टीच्या वाट्याला जो आला त्यात तिचं स्वतःचं घरही होतं. हे तिने कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. आपण राहतो तो भाग आपल्याला जास्त कळतो, यात वाईट काय, असं तिने स्वतःला समजावलं आणि कामाला लागली.

आणि काम तिने खरंच जीव ओतून केलं. पायाला भिंगरी लावून सगळा भाग पालथा घातला. शाळेची मुलं मधल्या सुट्टीत रस्त्यावर खेळतात हे बघून शाळेला लागून पडलेल्या ओसाड जागेवर तिने मैदान काढलं. ओढ्याला पाणी आलं की काठची घरं भिजतात, म्हणून दोन्ही काठांना मोकळी जागा सोडून झाडं दाखवली. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यासाठी दोन बस बदलाव्या लागत, तर बस थांबते तिथेच दवाखाना दिला. कागद छापून साहेबांच्या टेबलावर पसरला तेव्हा तिला तो स्वतःचाच वाटेना, इतका चांगला झाला होता.

साहेबांनी बराच वेळ बघितला. "फार सुंदर आहे," ते म्हणाले. "म्हणून हा मरणार."

"का, सर?"

"यात भांडण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही, सर." पट्टी मान ताठ करून म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. भांडायला काही दिलं नाहीस तर लोक जे असेल त्याच्याशी भांडतील. तुझं मैदान फाडतील, दवाखाना फाडतील. लोकांना आपण जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे, अगं. तीट कुठे आहे यात?"

तीट म्हणजे बाळाच्या गालाला लावतात ती. साहेबांच्या शाळेतला हा सगळ्यात वरच्या वर्गाचा धडा होता आणि तो कुठल्याच पुस्तकात नव्हता. प्रत्येक कागदावर एक गोष्ट मुद्दाम वाईट काढायची. एखादा नको तो रस्ता, नको तिथे कचराडेपो. लोक त्याच्यावर तुटून पडतात, मोर्चा काढतात, घसा बसेपर्यंत ओरडतात. मग सुनावणीत आपण मोठ्या मनाने ते रद्द करायचं. लोक हरखतात, पुढारी फोटो काढून घेतात, आणि सगळ्यांची नजर तिथे अडकल्यामुळे बाकीचा आराखडा बिनबोभाट पार होतो.

"पण हे खोटं नाही का, सर?"

"तीट खोटी असते का? ती काळी असते, एवढंच," साहेब म्हणाले. "आणि एक. हे बाहेर बोलायचं नाही. घरीसुद्धा नाही. ज्या दिवशी लोकांना कळेल, त्या दिवसापासून एकही तीट लागू पडणार नाही. शब्द दे."

पट्टीने शब्द दिला. आणि पट्टीचा शब्द म्हणजे शब्द.

"जागा नीट निवड," जाता जाता साहेबांनी सांगितलं. "जिथे लोक मूग गिळून बसतात तिथे तीट लावून उपयोग नाही. जिथे एखादा तरी पक्का भांडखोर माणूस आहे, अशी गल्ली शोध."

शोधायची गरजच नव्हती. शहरातला सगळ्यात पक्का भांडखोर माणूस रोज सकाळी पट्टीच्या समोर बसून चहा पीत असे.

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलेला माणूस निवृत्तीनंतर स्वस्थ बसेल, ही अपेक्षाच फोल. छापील चुका हाताशी राहिल्या नाहीत तशा त्यांनी गावातल्या काढायला घेतल्या. दिव्याचा खांब कलला, हरकत. कचऱ्याच्या गाडीचा भोंगा बेसूर, हरकत. बागेतल्या पाटीवर "फुले तोडू नयेत" लिहिलं होतं, तर बागेत फुलंच नाहीत ही हरकत. पालिकेत त्यांना हरकतराव म्हणत, आणि ते जिना चढताना दिसले की कारकून जेवायला उठत, मग वेळ कुठलीही असो. अशा माणसाच्या घरावरून रस्ता नेला तर काय होईल, या नुसत्या कल्पनेने पट्टीला हसू फुटलं.

घराची पुढची खोली आईची होती. तिथे तिचा शिवणवर्ग चालायचा. खिडकीला लागून यंत्रं मांडलेली, भिंतीला कागदी बेतांच्या गुंडाळ्या, खाली कायम चिंध्यांचा सडा. त्या खोलीला रस्त्याच्या बाजूने दोन खिडक्या होत्या, त्यामुळे भर दुपारी सुईत दोरा ओवायला दिवा लागत नसे. हा वर्ग आईने एका जुन्या यंत्रापासून उभा केला होता, आणि त्यात बाबांची एकही सूचना घेतली नव्हती, याचा तिला फार अभिमान होता. तिची शिकवायची रीत साधी. मुलीने कात्री उचलली की आई विचारायची, "हे जुळणार कशाला?" बाही कशाला जुळते, कळी कशाला जुळते, हे सांगता आलं तरच कात्री चालवायची, नाहीतर ठेवायची खाली. पट्टीने हा प्रश्न लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला होता की तो ऐकू येणंच बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने तीट लावली. खालच्या चौकापासून निघून, त्यांच्या गल्लीतून वर, घरांच्या पुढच्या खोल्या कापत जाणारा रुंद, सरळसोट, तांबडा रस्ता. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याचं दुकान त्यात गेलं, शेजारच्या मावशींचा ओटा गेला, आणि आईचा शिवणवर्ग तर अख्खाच. कागद असेपर्यंत रेघ ओढली आणि तिने हात झटकले. साहेबांनी एकच नजर टाकली आणि खूश झाले. "किती निर्लज्ज रस्ता आहे हा! शिकलीस तू."

आराखडा लोकांसाठी मोठ्या दालनात लावला गेला. पहिल्याच दिवशी बाबा आले. येणारच होते. पट्टी एका खांबाआड उभी राहून बघू लागली. बाबा आधी शाळेपाशी थांबले, मग ओढ्यापाशी, मग बोट सरकवत सरकवत आपल्या गल्लीत शिरले. तिथे बोट थांबलं, मग तांबड्या रेघेवरून कागदाच्या कडेपर्यंत गेलं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. मान हळूच वर गेली. आता ते ओरडणार. छापखान्यातल्या यंत्रांवरून ऐकू जाईल असा त्यांचा आवाज होता.

बाबांनी वळून तिथल्या कारकुनाला विचारलं, "हा कागद कोणी केला?"

"आमच्या नव्या बाईंनी," कारकून म्हणाला.

बाबांनी मान डोलावली आणि काही न बोलता निघून गेले. पट्टीला वाटलं, माणूस दारूगोळा भरायला गेला. तिने साहेबांना निश्चिंत राहायला सांगितलं.

पुढचे काही दिवस घरात मात्र भलतीच शांतता होती. बाबा सकाळी बाहेर पडत, उन्हं चढल्यावर परत येत, आणि स्वतःशीच हसत. आई गप्प असे. हरकतीच्या अर्जाचा पत्ता नव्हता. मुदत संपत आली तशी पट्टी रोज आवक कारकुनाला विचारून यायला लागली. खरं सांगायची सोय नव्हती. शब्द दिलेला, आणि बाबांच्या तोंडात तीळ भिजत नसे. सकाळी सांगितलं असतं तर दुपारपर्यंत पालिकेच्या शिपायाला कळलं असतं. शेवटी चहा घेताना तिने विषय काढला.

"बाबा, तो रस्ता पाहिलात ना तुम्ही?"

"पाहिला."

"नियमाप्रमाणे प्रत्येकाला हरकत घ्यायचा हक्क आहे. आणि नागरिकांनी घ्यावीच. अगदी जवळच्या माणसानेही."

बाबांनी कप खाली ठेवला, तिच्याकडे बघितलं आणि एक डोळा मिचकावला. "समजलं," ते म्हणाले. "तुला असंच बोलायला लागणार. नोकरी आहे."

"नाही बाबा, मी मनापासून सांगतेय. घ्याच हरकत."

"शाबास! मनापासून सांगितल्यासारखंच वाटतं हं."

आता अशा माणसापुढे कोणी काय बोलावं? पट्टीने कपाळावर हात मारून घेतला, तर बाबांना तेही नाटकच वाटलं.

मुदत संपली त्या दिवशी ती आवक विभागाच्या खिडकीला चिकटून उभी होती. हरकतींचे गठ्ठेच्या गठ्ठे आले होते. मैदान नको, म्हणे पोरांचा गोंगाट होईल. ओढ्याकाठी झाडं नकोत, साप येतील. दवाखाना नको, आजारी माणसं येतील. लोकांना भांडायला तीट दिली होती आणि लोक तीट सोडून बाळाशी भांडत होते. रस्त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता. "तुमचा रस्ता लोकांना फारच आवडलाय," कारकून म्हणाला, आणि खिडकी लावून घेतली.

ती घरी आली तर बाबा दारातच उभे. "काय गं, आपल्या रस्त्यावर किती हरकती?"

"एकही नाही."

बाबांनी आनंदाने टाळी वाजवली. "कशी येईल! घरोघर फिरलोय मी. सायकलवाल्याने तर अर्ज लिहून तयार ठेवला होता, तुला सांगतो. त्याच्यापुढे हात जोडले. म्हटलं, पोरीचा पहिला रस्ता आहे. साऱ्या गावाने नावं ठेवली तर ठेवू दे, पण आपल्याच गल्लीने तिच्या वाटेत काटे टाकायचे? मावशी तर रडल्या. ओटा गेला तर गेला म्हणाल्या, पोर आपल्यासमोर मोठी झालीय."

पट्टीने आईकडे बघितलं. आई यंत्रावर बसून कुणाच्या तरी झग्याची शिवण उसवत होती.

"आई, तू तरी?"

"मी घेतलं होतं लिहायला," आई मान वर न करता म्हणाली. "तर हे म्हणाले, खोली मोठी की मुलगी मोठी? मग ठेवलं पेन खाली."

असं कोणी आपल्यासाठी केलं की माणसाने खरं म्हणजे सुखाने रडावं. पट्टी रडलीही, पण ती का रडतेय हे त्या घरात तिलाच माहीत होतं. बाबांना वाटलं, पोरीचा ऊर भरून आला. त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि स्वतःचेही डोळे पुसून घेतले.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या दालनात शिरली आणि दार लावून घेतलं. "सर, तो रस्ता काढून टाका."

"हरकत कुठे आहे?"

"नाही आलेली."

"मग कसा काढू? हरकतीशिवाय रेघ हलत नाही."

"मग मी घेते हरकत."

"स्वतःच्याच आराखड्यावर? मुदत संपल्यावर?" साहेबांना गंमत वाटली. "एवढी काय पडलीय तुला त्या रस्त्याची?"

"सर, तो आमच्या घरावरून जातो."

साहेबांचा चष्मा आपोआप कपाळावरून नाकावर आला. "अगं, मी भांडखोर माणूस शोध म्हटलं होतं, बाप शोध नव्हतं म्हटलं."

"माझे बाबा सगळ्यात भांडखोर आहेत, सर. ते कशावरही हरकत घेतात."

"तुझ्यावर कधी घेतली होती?"

लोकसंख्येचा अंदाज, रहदारीचा अंदाज, सगळे अंदाज पट्टीला येत होते. फक्त हा एक चुकला होता.

"आता तर अजिबात काढता येणार नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मात्र मऊ झाला होता. "एकही हरकत नसताना रस्ता रद्द झाला, आणि तो कार्यालयातल्या बाईंच्या घरावरचा निघाला, तर उद्या काय बोभाटा होईल? तुझी नोकरी जाईल आणि माझं पेन्शन. वर जातोय ना आराखडा? वरच्या कार्यालयात बघतील. तिथे कधीकधी डोळे असलेली माणसं असतात."

त्या एका आशेवर पट्टीने सुनावण्या काढल्या. तिच्यासमोर मैदान आक्रसत आक्रसत वाहनतळ झालं. ओढ्याकाठची झाडं गेली आणि तिथे दुकानांची रांग आली. दवाखाना गावाबाहेर गेला, जिथे आजारी माणूस पोहोचेपर्यंत बरा तरी झाला असता किंवा काहीच उरलं नसतं. प्रत्येक वेळी लोक टाळ्या वाजवत, पुढारी फोटो काढून घेत, आणि साहेब मोठ्या मनाने मान डोलावत. ठरल्याप्रमाणेच सगळं झालं, फक्त उलट्या बाजूने.

वरून आराखडा मंजूर होऊन आला तेव्हा साहेबांनी तिला बोलावून पत्र वाचून दाखवलं. वरच्या कार्यालयात डोळे होते, पण ते हरकतींच्या तक्त्याकडे बघत होते. संपूर्ण शहरात ज्यावर एकही हरकत आली नाही असा हा एकमेव रस्ता असून, लोकसहभागाचं हे उत्तम उदाहरण आहे, असं त्यात म्हटलं होतं. बिनहरकतीचं काम म्हणून ते सगळ्यात आधी हाती घ्यावं, असाही आदेश होता. आखणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं खास अभिनंदन केलेलं होतं.

"इतकी वर्षं झाली," साहेब पत्राची घडी घालत म्हणाले, "पण तीट राहिली आणि बाळ गेलं, असं पहिल्यांदाच बघतोय." ते हसायला गेले, पण पट्टीचा चेहरा बघून त्यांना ते जमलं नाही.

ती घरी पोहोचायच्या आधी नोटीस पोहोचली होती. गल्ली दारात जमलेली. बाबा मधोमध उभे, हातात नोटीस, आणि तिच्यात उतरवलेला वरच्या पत्रातला अभिनंदनाचा मजकूर ते सायकलवाल्याला मोठ्याने वाचून दाखवत होते. नोटिशीत दोन चुका होत्या. एरवी त्यांनी तांबड्या शाईने गोल केले असते, पण आज त्या त्यांना दिसल्याच नाहीत. सायकलवाला हसून मान डोलावत होता, पण त्याची नजर पुन्हा पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानाकडे जात होती. पट्टीने ते पाहिलं आणि तिला तिथे उभं राहवेना. ती बाबांना हाताला धरून आत घेऊन गेली.

पुढच्या खोलीत आई एकटीच होती. वर्गातल्या मुलींना तिने लवकर सोडलं होतं.

"बाबा, बसा," पट्टी म्हणाली. "तो रस्ता नको होता."

"कोणाला?"

"कोणालाच. मलाही नको होता. रद्द व्हायला म्हणूनच काढला होता. लोकांनी त्याच्यावर भांडावं आणि बाकीचं वाचावं म्हणून. तुम्ही हरकत घ्याल अशी माझी खात्री होती. तुमच्या भरवशावर काढला मी तो, बाबा."

बाबा स्टुलावर बसले. नोटीस त्यांच्या हातात तशीच होती. बाहेर सायकलवाला कोणाला तरी सांगत होता की हरकतरावांची मुलगी आता फार वर जाणार.

"म्हणजे मी हरकत घेतली असती..."

"तर रस्ता गेला असता. मैदान राहिलं असतं, कदाचित दवाखानाही. आणि ही खोली."

"सांगायचं नाहीस का गं?"

"शब्द दिला होता. आणि हरकत घ्या म्हणून सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून बसले. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला पट्टीने कधी ऐकला नव्हता. "जन्मात एकदा गप्प बसलो, पोरी. एकदाच."

खिडकीतून उन्हाचा पट्टा यंत्रांवर पडला होता आणि त्यात बारीक धागे तरंगत होते. मग आई उठली. गळ्यातली मोजपट्टी काढून तिने पाटावर ठेवली, बाबांच्या हातून नोटीस घेतली आणि तिला मागे जोडलेला नकाशा उजेडात धरून नीट बघितला. तिला नकाशातलं कळत नसे, पण कापलेलं कुठून कुठे जातं ते कळत असे. तिचं बोट खालच्या चौकातून निघालं, सायकलवाल्याच्या दुकानावरून, मावशींच्या ओट्यावरून, या खोलीवरून वर गेलं, आणि कागदाच्या कडेला येऊन थांबलं.

"हा पुढे जुळतो कशाला?" आईने विचारलं.

हा प्रश्न पट्टीला साहेबांनी विचारला नव्हता, वरच्या कार्यालयाने विचारला नव्हता, आणि तिने स्वतःलाही विचारला नव्हता. पुसायच्या रस्त्याला कोण विचारतं?

"सांग ना. जातो कुठे हा?"

"कुठेच नाही," पट्टी म्हणाली. "तिथे माझा कागद संपला. पुढचा कागद दुसऱ्याचा आहे. त्याच्यावर तळं आहे."

बाबांनी मान वर करून एकदा तिच्याकडे आणि एकदा आईकडे बघितलं. कुठल्याही हरकतीत घालता आली असती अशी चूक त्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि ती त्यांनी पहिल्याच दिवशी, बोट ठेवून, वाचून सोडून दिली होती.

आई रागावेल म्हणून पट्टी वाट बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. आईने नोटिशीची घडी केली, ती बाबांच्या खिशात ठेवली, आणि खिडकीपाशी जाऊन पहिल्या यंत्राची झाकणी लावली. तिने सगळ्यात आधी आणलेलं, जुनं, लोखंडी, एकट्याला न हलणारं यंत्र होतं ते. मागच्या खोलीला एकच झरोका होता. तिथे दिवसाही दिवा लावावा लागणार होता.

"बघत काय उभी राहिलीस?" आई म्हणाली. "दुसरं टोक धर."